राष्ट्रपतींच्या निवडीवर शंका घेण्याचा अधिकार कोणाचा?

१/ राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले : 'हे पद नुसते शिक्क्याचे; त्यावरून भांडायचे ते काय?' दुसरे : 'निकाल लागल्यावर न्यायालयात धावणे म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडे.' गेल्या वर्षी आमच्या विभागातील चर्चासत्रात मी १९६९च्या निवडणुकीवरील खटल्याविषयी निबंध वाचला, तेव्हा एका ज्येष्ठ श्रोत्यांनी ही दोन्ही वाक्ये एका दमात ऐकवली. वेळ संपली आणि उत्तर राहून गेले. ते उत्तर म्हणजे हा धागा. जरा लांब आहे, सवडीने वाचा.

२/ माझे म्हणणे आधीच सांगते, म्हणजे कोणाची दिशाभूल व्हायला नको. राष्ट्रपतींच्या निवडीला न्यायालयात आव्हान देण्यात त्या पदाचा अपमान होत नाही. ती घटनेनेच आखून दिलेली वाट आहे. दुःख याचे की गेल्या पाऊणशे वर्षांत ही वाट रुंद होण्याऐवजी अरुंद होत गेली, आणि त्याबद्दल फारसे कोणी हळहळलेही नाही.

३/ आरंभ घटनेपासून करू. अनुच्छेद ७१च्या मूळ शब्दांचा आशय असा : राष्ट्रपती वा उपराष्ट्रपती यांच्या निवडणुकीतून उद्भवणाऱ्या सर्व शंका आणि वाद यांची चौकशी सर्वोच्च न्यायालय करील आणि त्याचा निर्णय अंतिम राहील. यातील 'शंका' हा शब्द ध्यानात ठेवा. घटनाकारांनी केवळ 'वाद' म्हटले असते तरी चालले असते. पण ज्या पदाच्या नावाने देशाचा सारा कारभार चालतो, त्याच्या निवडीवर शंकेचे सावटही राहू नये, अशी ती दूरदृष्टी होती.

४/ 'निवड रद्द झाली तर केवढा गोंधळ माजेल!' हा आक्षेपही घटनाकारांनी आधीच ओळखला होता. त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात म्हटले आहे की, राष्ट्रपतींची निवड न्यायालयाने अवैध ठरवली तरी निर्णयाच्या दिवसापर्यंत त्यांनी पदाच्या अधिकारात केलेली कृत्ये त्या कारणाने अवैध ठरणार नाहीत. त्यांनी सही केलेले कायदे टिकतील, नेमणुका टिकतील. पाऊणशे वर्षांपूर्वी ज्याची सोय करून ठेवली, त्याचा बागुलबुवा आज दाखवण्यात अर्थ नाही.

५/ आता या वाटेवरचा पहिला प्रवासी. तो आपल्याच मुलखातला : डॉ. नारायण भास्कर खरे. नागपूरचे डॉक्टर, १९३७-३८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचे मुख्यमंत्री, काँग्रेसमधून बाहेर काढले गेलेले आणि पुढे हिंदू महासभेचे अध्यक्ष झालेले. त्यांचे राजकारण पटो वा न पटो, १९५७ मध्ये त्यांनी विचारलेला प्रश्न बिनतोड होता. राष्ट्रपतींची निवड संसद आणि राज्य विधानसभांचे निर्वाचित सदस्य करतात. हिमाचल प्रदेश आणि पंजाबातील काही मतदारसंघांच्या निवडणुका अजून व्हायच्या होत्या. मग अपुऱ्या निर्वाचकगणाने राष्ट्रपती निवडायचा कसा?

६/ मतदानापूर्वी ते न्यायालयात गेले, तेव्हा उत्तर मिळाले : निवडणूक पूर्ण होऊ द्या, वाद त्यानंतरच उपस्थित करता येतो. राजेंद्रप्रसाद पुन्हा निवडून आल्यावर ते परत गेले. आता उत्तर मिळाले : कायद्यानुसार याचिका उमेदवाराने किंवा किमान दहा निर्वाचकांनी करायची असते; सामान्य नागरिकाला तो अधिकार नाही. आधी गेलात तर घाई केलीत आणि नंतर गेलात तर आपण कोण? कायद्याच्या काटेकोर अर्थाने दोन्ही निर्णय समर्थनीय असतील. पण दोन्ही मिळून नागरिकाच्या हाती काय उरते, ते पाहा.

७/ तरीही खऱ्यांचा प्रश्न वाया गेला नाही. १९६१च्या अकराव्या घटनादुरुस्तीने स्पष्ट करण्यात आले की, निर्वाचकगणातील एखादी जागा कोणत्याही कारणाने रिकामी असली, तरी त्या आधारावर राष्ट्रपतींच्या निवडीला आव्हान देता येणार नाही. १९७४ मध्ये गुजरात विधानसभा विसर्जित असताना निवडणूक घ्यावी की नाही, हा पेच पडला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने याच दुरुस्तीकडे बोट दाखवून निवडणूक मुदतीत व्हायला हवी, असे मत दिले. ज्याला 'आपण कोण?' म्हणून परत पाठवले, त्याच्या शंकेचे उत्तर घटनेतच लिहून ठेवावे लागले. याला रडगाणे म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

८/ दुसरा प्रवासीही मराठी : बाबूराव पटेल. 'फिल्मइंडिया' आणि पुढे 'मदर इंडिया' मासिकाचे तिखट संपादक, १९६७ मध्ये लोकसभेत निवडून आलेले. त्या वर्षी डॉ. झाकीर हुसेन यांनी सरन्यायाधीशपदाचा राजीनामा देऊन उभे राहिलेल्या के. सुब्बाराव यांचा पराभव केला. पटेल आणि काही सहकारी निर्वाचकांनी या निवडीला आव्हान दिले. मंत्र्यांनी केलेला प्रचार म्हणजे मतदारांवरील गैरवाजवी दडपण नव्हे काय, असा त्यातला एक मुद्दा होता. न्यायालयाने याचिका फेटाळली. पण प्रचार कोठे संपतो आणि दडपण कोठे सुरू होते, या प्रश्नाला प्रथमच न्यायालयीन भाषा मिळाली.

९/ आणि मग १९६९. झाकीर हुसेन यांचे ३ मे रोजी पदावर असतानाच निधन झाले. काँग्रेसने अधिकृत उमेदवारी नीलम संजीव रेड्डी यांना दिली. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी राजीनामा देऊन अपक्ष उभे राहिले. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी पाठिंबा दिला तो चिंतामणराव देशमुखांना. इंदिरा गांधींनी ऐनवेळी पक्षाच्या सदस्यांना सदसद्विवेकबुद्धीने मतदान करण्याची मुभा मागितली. ही निवडणूक म्हणजे काँग्रेसच्या फुटीची नांदी होती. वर्ष संपायच्या आत पक्ष दुभंगला. या पदाला 'नुसता शिक्का' म्हणणाऱ्यांनी एवढे एक वर्ष वाचले तरी पुरे.

१०/ आकडे पाहा. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले. विजयासाठी हवे होते ४,१८,१६९. पहिल्या फेरीत कोणीच तेथवर पोहोचले नाही. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ वर गेले. म्हणजे कोट्याहून अवघे १,९०८ अधिक. एका खासदाराच्या मताचे मूल्य तेव्हा ५७६ होते. चार खासदारांच्या मतांहूनही ही सरशी लहान होती. अशा निकालावर कोणी प्रश्न विचारला तर त्यात नवल ते काय?

११/ प्रश्न विचारला गेलाही. एकूण चार याचिका दाखल झाल्या. मुख्य आरोप असा की, रेड्डी यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारे एक निनावी, गलिच्छ पत्रक खासदारांना टपालाने पाठवण्यात आले आणि खुद्द संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये वाटण्यात आले. ज्या सभागृहात घटना लिहिली गेली, त्याच सभागृहात असले कागद फिरवले गेले असतील, तर ते कोणी फिरवले हे कळायला हवे की नको?

१२/ न्यायालयाने आरोप ऐकून घेतला आणि पुरावाही घेतला. पाच न्यायमूर्तींच्या पीठापुढे साक्षीदारांमागून साक्षीदार आले. एका साक्षीदाराला खोटे पाडण्यासाठी ध्वनिफितीवरचे संभाषण ग्राह्य धरावे का, यावर स्वतंत्र निर्णय झाला आणि ते ग्राह्य धरण्यात आले. आजही ध्वनिमुद्रित पुराव्याची चर्चा निघाली की त्या निर्णयाचा हवाला दिला जातो. आणि एके दिवशी पदावर असलेले भारताचे राष्ट्रपती स्वतः सर्वोच्च न्यायालयात साक्ष द्यायला आले. त्यांना बसायला खुर्ची देण्यात आली. त्यांनी साक्ष दिली आणि उलटतपासणीलाही सामोरे गेले.

१३/ याचिका ११ मे १९७० रोजी फेटाळल्या गेल्या. कारणमीमांसा सप्टेंबरात आली. पत्रक वाटले गेले, ही गोष्ट न्यायालयाने मानली. पण ते गिरींनी किंवा त्यांच्या संगनमताने वाटले गेले, असे सिद्ध झाले नाही. त्यामुळे निकालावर निर्णायक परिणाम झाला, असेही सिद्ध झाले नाही. असे बदनामीकारक पत्रक कायद्याच्या भाषेत 'गैरवाजवी दडपण' ठरू शकते का, यावर न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाला. बहुमत म्हणाले, ठरू शकते.

१४/ आता सांगा, गिरींचे काय गेले? ते १९७४ पर्यंत सन्मानाने पदावर राहिले. खटल्याआधी त्यांच्या विजयावर एका निनावी कागदाची सावली होती. खटल्यानंतर भर न्यायालयात झालेल्या तपासणीचा निर्वाळा त्यांच्या पाठीशी होता. राष्ट्रपती साक्ष द्यायला आले म्हणून राष्ट्रपतिभवनाची उंची इंचभरही कमी झाली नाही. माझ्या मते आपल्या प्रजासत्ताकाच्या इतिहासातील तो एक मानाचा दिवस होता, आणि शालेय पुस्तकांत त्याचा उल्लेखही नसावा याची खंत वाटते.

१५/ येथून पुढे वाट अरुंद होऊ लागली. मूळ कायद्यात राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराला एक सूचक आणि एक अनुमोदक पुरे असे. १९६७ मध्ये १७ उमेदवार उभे राहिले आणि त्यांपैकी ९ जणांना एकही मत पडले नाही. म्हणून १९७४ मध्ये कायदा बदलला : दहा सूचक, दहा अनुमोदक आणि २,५०० रुपये अनामत. निवडीला आव्हान द्यायचे तर दहाऐवजी वीस निर्वाचक हवेत, असेही ठरले. १९९७ मध्ये उमेदवारीसाठी ही संख्या पन्नास अधिक पन्नास झाली आणि अनामत १५,००० रुपये.

१६/ येथे विरुद्ध बाजूचे एक म्हणणे मी प्रामाणिकपणे मान्य करते. हौशी उमेदवारांची गर्दी हा खरा उपद्रव होता. मतपत्रिका म्हणजे काही प्रसिद्धीचे पोस्टर नव्हे. पण उभे राहण्याचा हक्क आणि विचारण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उमेदवारीला चाळणी लावताना त्याच हाताने याचिकेलाही लावली गेली, हा माझा आक्षेप आहे. एवढेच नव्हे, विजयी उमेदवाराविरुद्ध जेथे पूर्वी कानाडोळा सिद्ध झाला तरी पुरे असे, तेथे पुढे कायद्यात 'संमती' हा शब्द आला. गैरप्रकार उमेदवाराच्या संमतीनेच झाला, हे बाहेरच्या माणसाने सिद्ध करायचे तरी कसे?

१७/ १९७५ मध्ये तर दाराला कुलूपच घालण्याचा प्रयत्न झाला. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली, २५ जूनला आणीबाणी पुकारली गेली आणि ऑगस्टमध्ये ३९वी घटनादुरुस्ती संमत झाली. तिने अनुच्छेद ७१ पुरता पालटला. राष्ट्रपतींच्या निवडीचे वाद संसद नेमील त्या यंत्रणेकडे जातील आणि त्या यंत्रणेच्या निर्णयाला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही! पंतप्रधानांच्या निवडणुकीला कवच देणारा त्याच दुरुस्तीतला भाग सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरात रद्द केला. राष्ट्रपतींबाबतचा मूळ अधिकार न्यायालयाकडे परत यायला मात्र १९७८ची ४४वी दुरुस्ती यावी लागली.

१८/ 'न्यायालयाने निवडणुकीत पडू नये' हे वाक्य आज साळसूदपणे उच्चारणाऱ्यांना मी एवढेच विचारते : हे वाक्य आपल्या देशात कायदा म्हणून एकदा लिहिले गेले होते, ते कोणत्या वर्षी आणि कोणासाठी, ठाऊक आहे का?

१९/ कुलूप निघाले, पण उंबरठा उंचच राहिला. ग्यानी झैलसिंग यांच्या १९८२च्या निवडीवरील याचिकांचा निकाल सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने डिसेंबर १९८३ मध्ये दिला. याचिका करणाऱ्या चरणलाल साहू यांच्या अर्जावर पुरेसे सूचक-अनुमोदक नव्हते. म्हणून ते उमेदवार नव्हेत, आणि उमेदवार नसल्यामुळे त्यांना याचिकेचाही अधिकार नाही. निकाल कायद्याला धरून होता. दोष कायद्याचा होता. ज्या अटीमुळे माणूस बाहेर राहिला, तीच अट त्याला दाद मागण्यापासूनही रोखते.

२०/ आणि २०१२. प्रणव मुखर्जींविरुद्ध हरलेले पी. ए. संगमा न्यायालयात गेले. ते रीतसर उमेदवार, लोकसभेचे माजी अध्यक्ष. त्यांना 'आपण कोण?' विचारण्याची सोय नव्हती. आक्षेप असा की, अर्ज भरताना मुखर्जी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते आणि ते लाभाचे पद आहे. त्यांच्या राजीनाम्याचे पत्र खरे की मागाहून केलेले, यावरही वाद होता. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ५ डिसेंबरला तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ठरवले की, याचिका नियमित सुनावणीलाच योग्य नाही.

२१/ मुखर्जींची निवड अवैध होती, असे मी म्हणत नाही. ते पद मानद होते, त्यात लाभ नव्हता, हा बहुमताचा युक्तिवाद वजनदार आहे. पुरावा घेतला असता तरी निकाल कदाचित हाच लागला असता. पण दोन न्यायमूर्तींचे म्हणणे एवढेच होते की, प्रकरण रीतसर ऐका. पाचांपैकी दोघांना ज्यात ऐकण्याजोगे काही दिसते, ते उंबरठ्यावरून परत कसे पाठवायचे? १९७० मध्ये राष्ट्रपतींनी स्वतः साक्ष दिली; २०१२ मध्ये एकाही साक्षीदाराला बोलावले गेले नाही. बेचाळीस वर्षांत आपण पुढे गेलो की मागे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

२२/ 'निवड रद्द झाली तर देश कोसळेल' म्हणणाऱ्यांसाठी बाहेरचे दाखले. ऑस्ट्रियात २०१६ मध्ये मतमोजणीतील हलगर्जीमुळे घटना न्यायालयाने अध्यक्षपदाची निर्णायक फेरी रद्द केली. प्रत्यक्ष लबाडी सिद्ध झालेली नसतानाही. फेरनिवडणुकीत व्हान डर बेलेन हेच पुन्हा जिंकले, आणि अधिक फरकाने. मलावीत फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने निवडणूक रद्द केली, कारण निकालपत्रांवरील आकडे पांढऱ्या शाईने खोडून बदललेले आढळले. जूनमध्ये फेरमतदान झाले आणि सत्ता शांतपणे पालटली. केनियात २०१७ मध्येही निवड रद्द झाली. तेथे मात्र फेरनिवडणुकीवर बहिष्कार पडला आणि रक्तही सांडले. औषध कडू आहे, हे मी लपवत नाही.

२३/ आणि उलट दाखलाही द्यायला हवा, नाहीतर हा धागा एकांगी होईल. अमेरिकेत २०२०च्या निवडणुकीनंतर साठहून अधिक दावे दाखल झाले आणि जवळजवळ सगळे फेटाळले गेले. अनेक ठिकाणी बाहेर भाषणांत केलेला आरोप वकिलांनी न्यायाधीशांसमोर केलाच नाही. याचिकाकर्ता आणि आक्रस्ताळा यांच्यातील भेद नेमका येथे दिसतो. पहिला पुरावा ठेवतो, उलटतपासणी सोसतो आणि निकाल मानतो. दुसरा निकाल विरुद्ध गेला की गर्दी जमवतो. ६ जानेवारी २०२१ला वॉशिंग्टनमध्ये जे घडले, त्याचा दोष न्यायालयाच्या वाटेला देता येणार नाही. ती वाट सोडल्याचा तो परिणाम होता.

२४/ मग करावे काय? माझ्या मते दोन गोष्टी. एक : याचिकेसाठी लागणारी निर्वाचकांची संख्या पुन्हा दहावर आणावी, आणि काही शेकडा नोंदणीकृत मतदारांनाही एकत्रितपणे शंका मांडण्याची मुभा द्यावी. २०१२ मध्ये निर्वाचकगण होता ४,८९६ जणांचा, आणि त्यांतील बहुतेक पक्षाच्या शिस्तीत बांधलेले. एवढ्या मोठ्या देशात शंका घेण्याचा मक्ता एवढ्यांकडेच का असावा? दोन : घटनापीठातील एका न्यायमूर्तींनाही याचिका ऐकण्याजोगी वाटली, तर तिची पुराव्यानिशी सुनावणी व्हावी. पोकळ याचिकांना जबर खर्च लावावा. त्याला माझी हरकत नाही.

२५/ राष्ट्रपतींच्या निवडीविरुद्धची एकही याचिका आजवर यशस्वी झालेली नाही. यावरून काहीजण म्हणतात, 'मग उपयोग काय?' उपयोग खऱ्यांना विचारा, ज्यांच्या हरलेल्या प्रश्नाने घटना बदलली. गिरींना विचारा, ज्यांच्या जिंकलेल्या निवडीला खटल्याने बळ दिले. शंका विचारली जाते, ऐकली जाते आणि मिटते, हाच तिचा उपयोग. न विचारलेली शंका मात्र मरत नाही. कुजबुज होऊन घरोघर फिरत राहते.

२६/ चर्चासत्रातील त्या ज्येष्ठ श्रोत्यांना माझे उत्तर एवढेच : सर, अंगण वाकडे आहे की नाही, हे एकदा ओळंबा लावून पाहू द्या. सरळ निघाले तर नाचणाऱ्याचाही मान राहील आणि अंगणाचाही.

मतभेद असतील तर अवश्य लिहा. दाखला देऊन लिहिलेत तर अधिकच आनंद होईल. धागा समाप्त.